गुणाकाराचा सापळा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१८ रोजी एक निकाल दिला. १९९२च्या एका संघीय कायद्याने नेवाडासारखे मोजके अपवाद वगळता सर्व राज्यांना खेळांवरील सट्टा अधिकृत करण्यास मनाई केली होती. न्यू जर्सी राज्याने त्याला आव्हान दिले आणि न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. निकालाला महिना होतो न होतो तोच, १४ जूनला, न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी मॉन्मथ पार्कच्या रेसकोर्सवर गेले आणि त्यांनी राज्यातील पहिली कायदेशीर पैज स्वहस्ते लावली. त्यांच्या दोन पैजांपैकी एक होती जर्मनी फुटबॉलचा विश्वचषक जिंकणार ही. जर्मनीचा संघ त्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत गारद झाला. राज्याच्या प्रमुखाने शुभारंभालाच वीस डॉलर घालवावेत हा योगायोग म्हणून सोडून देऊ. परंतु त्या दिवसापासून आजवर अमेरिकेत जे घडले, त्यात योगायोगाचा भाग फार थोडा आहे. आज जवळपास चाळीस राज्यांत हा धंदा कायदेशीर आहे आणि २०२४ या एका वर्षात सट्टा कंपन्यांनी ग्राहकांना जिंकलेल्या रकमा चुकत्या करून स्वतःजवळ राखलेला पैसा १३ अब्ज डॉलरांहून अधिक होता.

सातासमुद्रापारच्या या जुगाराची दखल या पृष्ठावर कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याला दोन कारणे आहेत. आमच्या वाचक-कुटुंबांपैकी अनेकांचे मुलगे, जावई, भाचे आज एडिसनला, जर्सी सिटीला, शिकागोच्या उपनगरांत राहतात. कार्यालयातील सहकाऱ्यांबरोबर रविवारचा फुटबॉल पाहताना हातातल्या फोनवर पाच-दहा डॉलरची पैज लावणे हा तिथे शिष्टसंमत विरंगुळा झाला आहे. त्यात कायदा मोडला जात नाही, कोणी चोरून काही करत नाही, म्हणून घरीही कोणी विचारत नाही. दुसरे कारण आपल्या घरातले आहे. सट्टा थांबवता येत नसेल तर तो कायदेशीर करून त्यावर कर बसवावा, हा युक्तिवाद आपल्याकडे वारंवार डोके वर काढतो. २०१६ साली न्यायमूर्ती लोढा समितीने क्रिकेटवरील सट्टा कायदेशीर करण्याची शिफारस केली होती. २०१८ साली विधी आयोगाने आपल्या २७६व्या अहवालात बंदी अशक्य असल्यास नियमनाचा मार्ग सुचवला होता. हा युक्तिवाद करणारे लोक प्रामाणिक असतात यात शंका नाही. परंतु तो मार्ग प्रत्यक्ष चोखाळलेला देश समोर असताना त्याच्या हिशेबाची वही उघडून पाहायला काय हरकत आहे?

ती वही उघडली की एक शब्द पानोपानी भेटतो : ‘पार्ले’. आमच्या पार्लेकर वाचकांनी दचकू नये. हा शब्द ‘पारोली’ या जुन्या इटालियन जुगारी संज्ञेवरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला आहे आणि त्याचा विलेपार्ल्याशी वा बिस्किटांशी काही संबंध नाही. इंग्लंडात याच प्रकाराला ‘अॅक्युम्युलेटर’ म्हणतात. आपण त्याला साखळी पैज म्हणू. एका सामन्याचा एक निकाल वर्तवणे ही साधी पैज. तीन, पाच किंवा दहा निकाल एका चिठ्ठीत गुंफणे ही साखळी पैज. पहिली कडी जुळली की तिच्यातून मिळालेली सारी रक्कम आपोआप दुसऱ्या कडीवर लागते, ती जुळली की तिसरीवर. आणि कोणतीही एक कडी तुटली की सगळे गेले. सगळ्या जुळल्या तर दहा डॉलरचे कित्येक शे डॉलर होतात. तो मोठा आकडा फोनच्या पडद्यावर ठळक हिरव्या अक्षरांत झळकत असतो. तो गाठण्याची शक्यता किती, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते.

ते गणित शालेय आहे, म्हणून इथेच करून टाकू. अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन संघांची ताकद सारखी व्हावी म्हणून कंपनी दुबळ्या संघाला काही गुणांची आगाऊ सूट देते. त्यामुळे दोन्ही बाजूंची शक्यता निम्मी-निम्मी होते, जणू नाणेफेकच. परंतु शंभर डॉलर जिंकण्यासाठी ग्राहकाला एकशेदहा लावावे लागतात. हे वरचे दहा म्हणजे जुगाराच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावामागे जी नाल काढतो तीच. साध्या पैजेत या हिशेबाने शंभर डॉलरमागे सरासरी साडेचार डॉलर कंपनीकडे राहतात. आता अशा दोन पैजा साखळीत गुंफा. नाल पहिल्या कडीवर कापली जाते, आणि उरलेली सगळी रक्कम दुसऱ्या कडीवर लागत असल्यामुळे तिच्यावर पुन्हा कापली जाते. शंभरामागचा तोटा जवळजवळ नऊ होतो. तीन कड्यांना तेरा, चारांना सतरा, पाचांना एकवीस आणि दहा कड्यांना सदतीस! दहा निम्म्या-निम्म्या निकालांची साखळी सबंध जुळण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक असते; रास्त व्यवहारात एका डॉलरचे १,०२४ मिळायला हवेत. या दराने मिळतात सुमारे ६४३. चक्रवाढ व्याज सावकाराच्या बाजूने कसे धावते हे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. पण सावकाराच्या चिठ्ठीवर व्याजाचा दर निदान लिहिलेला तरी असे.

पैज लावणाऱ्याची पहिली चूक इथेच होते. मोठ्या बक्षिसामुळे आपल्याला अधिक किफायतशीर सौदा मिळाला असे त्याला वाटते. वस्तुतः कडी जितकी वाढवावी तितका सौदा महाग होत जातो.

दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण ती सावध माणसाकडून घडते. तो म्हणतो, ‘मी बेभरवशाचे निकाल घेतच नाही. जो संघ हमखास जिंकणार तोच घेतो.’ हमखास म्हणजे किती? समजा प्रत्येक निकाल खरोखरच शंभरात ऐंशी वेळा जुळणारा आहे. असे पाच ‘हमखास’ एकत्र गुंफले तर पाचही जुळण्याची शक्यता किती? ऐंशीच्या आसपास, फार तर सत्तर, असे उत्तर देणारे सुशिक्षित लोक पुष्कळ भेटतील. खरे उत्तर आहे तेहतीसहूनही कमी, म्हणजे तीन वेळांत एकदा. दहा गुंफले तर अकराहून कमी, नऊ वेळांत एकदा. मन बेरीज करते आणि निसर्ग गुणाकार करतो. शिवाय ‘हमखास’ संघावरचा भाव इतका कमी असतो की एकेकटी ती पैज कोणी लावणार नाही. म्हणून चिठ्ठी ‘थोडी वजनदार करण्यासाठी’ ती चार-पाच कड्यांच्या शेवटी जोडली जाते. साखळी तुटते ती पुष्कळदा या बिनधोक म्हणून जोडलेल्या कडीवरच.

तिसऱ्या चुकीकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. पाच निम्म्या-निम्म्या कड्यांची साखळी घ्या. बत्तीस शक्यतांपैकी एकीत पाचही कड्या जुळतात. परंतु नेमक्या चार जुळून एक हुकण्याच्या शक्यता पाच आहेत. म्हणजे एका विजयामागे पाच वेळा माणसाला ‘अगदी थोडक्यात हुकले’ असा अनुभव येणार, आणि तो अपघात नसून त्या रचनेचाच गुण आहे. साध्या पैजेत हरलेला माणूस हरलो असे म्हणून गप्प बसतो. साखळीत हरलेला माणूस म्हणतो, ‘पाचातले चार बरोबर आले! तो एक झेल सुटला नसता तर...’ आपल्याला खेळाची जाण आहे, फक्त नशीब आडवे आले, अशी त्याची खात्री होते आणि तो पुढच्या चिठ्ठीकडे वळतो. हरण्यातून शहाणपण येते असे आपण मानत आलो. इथे हरणेच आत्मविश्वास वाढवते. वेळापत्रकही याला पूरक आहे. रविवारी दुपारी एकचे सामने, चारचे सामने, रात्रीचा सामना आणि त्यातूनही काही उरले असेल तर सोमवार रात्रीचा. दुपारी गेलेले संध्याकाळी भरून काढायचे आणि संध्याकाळचे रात्री. द्यूतसभेत धर्मराजाने एकेक पण हरत पुढचा पण लावला, तेव्हा त्याला निदान समोर बसलेला शकुनी दिसत होता.

२०१९च्या सुमारास या धंद्याने तिथे एक नवी युक्ती काढली. एकाच सामन्यातील अनेक घटना एका साखळीत गुंफायच्या : अमुक खेळाडू इतके यार्ड चेंडू फेकेल, तमुक खेळाडू गोल रेषेपलीकडे जाईल, आणि त्यांचा संघ जिंकेल. सामना पाहताना उत्कंठा वाढते, प्रत्येक चेंडूला काहीतरी अर्थ येतो, म्हणून हा प्रकार अतोनात लोकप्रिय झाला. परंतु यात एक मेख आहे. वेगवेगळ्या सामन्यांचे निकाल परस्परांवर अवलंबून नसतात, म्हणून त्यांचा साधा गुणाकार करून भाव तपासता येतो. एकाच सामन्यातल्या घटना एकमेकींत गुंतलेल्या असतात. फेकणाऱ्याने चेंडू खूप फेकले तर झेलणाऱ्याचे यार्ड वाढणारच. त्यामुळे इथे भाव ठरवण्यासाठी साधा गुणाकार चालत नाही. कंपनीचा संगणक आपल्या सूत्रानुसार एक आकडा दाखवतो आणि ग्राहक तो मुकाट्याने स्वीकारतो. रास्त किंमत किती, कंपनीने किती कापले, हे पडताळण्याचे साधन सामान्य माणसाकडे नाही. भाजीच्या पेंडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करणारा गृहस्थ इथे वजनकाटा न पाहताच पैसे मोजतो.

आणि खेळाचे काय होते? टोरोंटो संघाचा जाँटे पोर्टर हा बास्केटबॉलपटू फार मोठे नाव नव्हते. २० मार्च २०२४च्या सामन्यात तो तीन मिनिटांहूनही कमी वेळ खेळला आणि बरे वाटत नाही म्हणून बाहेर बसला. त्या दिवशी कोणीतरी ८० हजार डॉलरची एक साखळी पैज लावली होती. पोर्टरचे त्या सामन्यातले सगळे आकडे अपेक्षेपेक्षा कमी राहतील, ही ती पैज. जुळल्यास ११ लाख डॉलर मिळणार होते. रक्कम इतकी विचित्र होती की कंपनीने ती रोखली आणि भांडे फुटले. आपल्या प्रकृतीची आतली माहिती पोर्टरने सट्टेबाजांना पुरवली होती. तो स्वतःही जुगाराच्या कर्जात बुडालेला होता. एप्रिल २०२४मध्ये त्याच्यावर आजन्म बंदी आली आणि जुलैत त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. हॅन्सी क्रोनिए प्रकरण २०००च्या एप्रिलमध्ये दिल्ली पोलिसांनी उघडकीस आणले तेव्हा आपल्याला सांगण्यात आले होते की सट्टा बेकायदा आहे म्हणून असे घडते, तो उजेडात आणला की किडेमुंग्या पळतील. अमेरिकेत भरपूर उजेड आहे. तरीही नोव्हेंबर २०२५मध्ये तिथल्या बेसबॉल महासंघाला सट्टा कंपन्यांबरोबर ठरवावे लागले की एका चेंडूपुरत्या पैजेवर २०० डॉलरची मर्यादा राहील आणि अशी पैज साखळीत गुंफता येणार नाही. दोन गोलंदाजांवर फौजदारी आरोप ठेवले गेल्यानंतर हा निर्णय झाला. साखळीची कडी जितकी बारीक, तितकी ती एकट्या माणसाला वाकवता येते, ही साधी गोष्ट समजायला सात वर्षे लागली.

बाकीच्या चुकांचा परामर्श थोडक्यात घेतला तरी चालेल. ‘बोनस’ म्हणून मिळालेली पैज जिंकली तर फक्त नफा हाती येतो, मूळ रक्कम येत नाही. हे बारीक अक्षरात लिहिलेले कोणी वाचत नाही. ‘भाव वाढवून दिला’ अशी जाहिरात असते ती बहुधा लांबलचक साखळीवर, जिथे वाढवूनही कंपनीचे काही बिघडत नाही. तीन कड्या जुळल्यावर ‘आत्ताच इतके घ्या आणि मोकळे व्हा’ असे आमिष दाखवले जाते. त्या रकमेतही पुन्हा एकदा नाल कापलेली असते. पाच डॉलरची तर पैज, असे म्हणणारा दिवसाला तीन चिठ्ठ्या लावतो आणि वर्षाचा आकडा कधी मांडत नाही. समाजमाध्यमांवर झळकतात त्या जिंकलेल्या चिठ्ठ्या. हरलेल्यांची छायाचित्रे कोण काढतो? आणि अभ्यासपूर्वक खेळून खरोखर सातत्याने जिंकणारा एखादा निघालाच, तर कंपन्या त्याच्या पैजेवर मर्यादा घालून त्याला अलगद बाजूला सारतात. २०२४ साली मॅसॅच्युसेट्सच्या गेमिंग आयोगाने या प्रथेची चर्चा मुद्दाम घडवून आणली, इतकी ती सर्रास होती. हरणाऱ्याला दार सताड उघडे आणि जिंकणाऱ्याला अर्धे बंद, अशा दुकानाला खेळ म्हणावे की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे.

आतापर्यंत आम्ही ‘चूक’ हा शब्द वापरत आलो. पण तो कितपत बरोबर आहे? चूक ती, जी दुरुस्त व्हावी असे दोन्ही पक्षांना वाटते. दुकानदाराने जादा पैसे घेतले तर आपण परत मागतो आणि सभ्य दुकानदार ते देतो. साखळी पैजेत ग्राहकाची चूक हाच कंपनीचा माल आहे. नेवाडात हा धंदा कित्येक दशके कायदेशीर असल्याने तिथले आकडे सर्वांत जुने. छापील साखळी पत्त्यांवर लावलेल्या पैशांपैकी सुमारे तीस टक्के तिथे दीर्घकाळ दुकानदाराकडे राहत आले. साध्या फुटबॉल पैजांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास. न्यू जर्सीत अलीकडच्या वर्षांत साखळी पैजांतून साधारणतः शंभरामागे अठरा-वीस डॉलर कंपन्यांकडे उरतात. एकूण उलाढालीत साखळीचा वाटा निम्म्याहून बराच कमी, नफ्यात मात्र निम्म्याहून अधिक. म्हणूनच फोनवर अॅप उघडताच साधी पैज कोपऱ्यात असते आणि तयार गुंफलेली साखळी मधोमध. आपल्या भागधारकांपुढे बोलताना कंपन्या साखळीचे प्रमाण वाढल्याचे अभिमानाने सांगतात. ग्राहकांपुढे बोलताना ‘जबाबदारीने खेळा’ असे सांगतात. दोन्ही वाक्ये एकाच तोंडातून निघतात.

तुलना करायची तर आपल्या इतिहासात दोन नमुने आहेत. एक मटक्याचा. त्याचा जन्म योगायोगाने अमेरिकेच्याच कुशीत झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडणारा आणि बंद होणारा भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत येई आणि त्यावर आकडा लागे. १९६१मध्ये ते भाव येणे थांबले, तेव्हा मडक्यातून आणि पुढे पत्त्यांच्या कॅटमधून आकडे काढण्याची शक्कल निघाली. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावे त्यातूनच घरोघरी पोहोचली. गिरणगावातील कामगारांच्या पगाराचा केवढा हिस्सा त्या मडक्यात गेला हे लालबाग-परळच्या चाळींनी पाहिले आहे. त्या मटक्याची भलामण करण्याचे पातक आम्ही करणार नाही. परंतु हिशेब हा हिशेब. उघडता आणि बंद असे दोन्ही आकडे वर्तवण्याची ‘जोडी’ ही कड्या मोजल्या तर दोन कड्यांची साखळीच. एकेरी आकड्याला साधारण रुपयास नऊ मिळत आणि जोडीला रुपयास नव्वद. साखळीच्या अमेरिकन रीतीने नवांचा नवांशी गुणाकार केला असता तर एक्क्याऐंशीच मिळाले असते. म्हणजे दुसऱ्या कडीवर दुसऱ्यांदा नाल न कापण्याचा संकोच मटकेवाल्यानेही पाळला होता! ज्याला पकडायला पोलीस धावत, त्याचा हा दर; ज्याला परवाना देऊन सरकार कर घेते, त्याचा तो.

दुसरा नमुना कौटिल्याचा. अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष हा अधिकारी आहे. जुगार एकाच ठिकाणी चालवायचा, फासे अध्यक्षाने पुरवायचे, फाशांत लबाडी करणाऱ्याला दंड, आणि जिंकणाऱ्याच्या रकमेतून शेकडा पाच राज्याला. मनूने द्यूतही नको आणि प्राण्यांच्या झुंजीवरील पैज, म्हणजे समाह्वयही नको, असा कडक पवित्रा घेतला. कौटिल्याने व्यवहार ओळखून बंदिस्त परवानगी दिली. नियमनवादी मंडळी कौटिल्याचा दाखला देतात तेव्हा तो पुरता वाचत नाहीत. त्याच्या योजनेत जुगारी माणसाला अड्ड्यापर्यंत चालत जावे लागत होते. राजाचा अधिकारी त्याच्या शय्येपाशी येऊन ‘आणखी एक कडी जोडा’ असे कानात सांगत नव्हता. आणि शेकडा पाच कुठे नि शेकडा वीस कुठे!

अमेरिकन राज्यांनी सुरुवातीला कराच्या उत्पन्नाकडे पाहिले. शाळा, रस्ते, निवृत्तिवेतन यांसाठी पैसा मिळेल असे सांगितले गेले आणि काही प्रमाणात तो मिळालाही. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु २०२४मध्ये कॅलिफोर्नियातील विद्यापीठांच्या अभ्यासकांनी ग्राहकांच्या कर्जविषयक नोंदी तपासल्या, तेव्हा ऑनलाइन सट्टा कायदेशीर झालेल्या राज्यांत काही वर्षांनी दिवाळखोरी आणि थकीत कर्जे लक्षणीय वाढलेली त्यांना दिसली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका संशोधनात असे आढळले की सट्ट्यात गेलेला पैसा हॉटेल-सिनेमासारख्या चैनीतून वाचवलेला नसून मोठ्या प्रमाणात गुंतवणुकीतून काढलेला होता. आपल्या भाषेत सांगायचे तर पोस्टातले पैसे मोडून मटका. हा पैसा ज्या घरांतून गेला, त्यांना सरकारी साहाय्य द्यावे लागले की तो खर्च पुन्हा त्याच करातून होणार. सरकार एकदा या धंद्याचे भागीदार झाले की नागरिक गणितात नापास होण्यातच त्याचा लाभ असतो.

भारताच्या संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये वेगळी वाट धरली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारे विधेयक २० तारखेला लोकसभेत आणि २१ तारखेला राज्यसभेत संमत झाले आणि २२ तारखेला राष्ट्रपतींनी त्यावर स्वाक्षरी केली. कौशल्य की नशीब हा जो वाद १९५७च्या शब्दकोडे-स्पर्धांच्या खटल्यापासून न्यायालयांत चालत आला आहे, तो या कायद्याने ऑनलाइन पैशाच्या खेळांपुरता बाजूला ठेवला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद वा एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे वा पन्नास लाख, आणि खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, अशी त्याची रचना आहे. खेळणारा हा आरोपी नसून बळी आहे ही भूमिका आम्हाला योग्य वाटते. सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला वीस हजार कोटी रुपये या खेळांत घालवतात, असा अंदाज त्या वेळी सरकारकडून मांडला गेला. बंदीमुळे रोजगार गेले, करही बुडाला, हे आक्षेप खोटे नाहीत. आणि बंदी केली म्हणजे काम संपले असे समजणेही भाबडेपणाचे ठरेल. परदेशातून चालणारी सट्टा संकेतस्थळे वृत्तसंकेतस्थळाचा मुखवटा घालून जाहिरात करत होती म्हणून माहिती व प्रसारण मंत्रालयाला २०२२मध्ये दोनदा सूचनापत्रे काढावी लागली होती. भाड्याने घेतलेली बँक खाती, टेलिग्रामवरचे गट आणि नाव बदलून पुन्हा उगवणारी अॅप्स यांचा बंदोबस्त केवळ कलमांनी होत नाही. आयपीएलच्या दिवसांत याच अॅप्सवर ‘मल्टी’ किंवा ‘कॉम्बो’ नावाने हीच साखळी विकली जाते : नाणेफेक अमका जिंकेल, पहिल्या सहा षटकांत इतक्या धावा, अमुक फलंदाज पन्नास करील. तिथे तर फसवणूक झाली तर तक्रार करायला परवानाही नाही आणि आयोगही नाही.

तेव्हा प्रश्न घरापर्यंत येतो. मुलाने पैज लावली हे कळल्यावर संस्कारांचा पाढा वाचणारे वडील आम्ही पाहिले आहेत. त्याने मुलगा पैज लावणे थांबवत नाही, सांगणे थांबवतो. त्यापेक्षा त्याच्याबरोबर बसून वर्षभराचा हिशेब मांडावा. अमेरिकेतील कायदेशीर अॅपमध्ये भरलेली आणि काढलेली रक्कम पाहता येते. ती दोन्ही एका कागदावर लिहावी आणि साखळी पैजांची वेगळी बेरीज करावी. अभियंता असलेल्या मुलाला गुणाकार शिकवावा लागत नाही, त्याने तो या एका बाबतीत केलेला नसतो इतकेच. त्याच कागदावर कराचीही एक ओळ हवी. जुलै २०२५मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्याने २०२६पासून जुगारातील तोट्याची फक्त नव्वद टक्के वजावट मिळेल अशी तरतूद केली. वर्षात दहा हजार डॉलर जिंकले आणि दहा हजारच हरले, म्हणजे हाती काही उरले नाही, तरी एक हजार डॉलर उत्पन्न धरून त्यावर कर. आणि ही वजावटदेखील तपशीलवार विवरण भरणाऱ्यालाच. प्रमाणित वजावट घेणाऱ्या बहुसंख्य पगारदारांना तीही नाही, त्यांच्या नावावर जिंकलेले सारे दहा हजार उत्पन्न म्हणून लागतात.

हिशेब मांडूनही हात थांबत नसेल तर न्यू जर्सीत त्याची सोय आहे. खेळणाऱ्याने स्वतःहून आपले नाव राज्याच्या प्रतिबंधित यादीत घालावे. मग ठरलेल्या मुदतीपर्यंत राज्यातील कोणतीही परवानाधारक कंपनी त्याचे खाते चालू ठेवू शकत नाही आणि मुदत संपण्याआधी ते नाव काढून घेण्याची विनंतीही मान्य होत नाही. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. एडिसनच्या आणि जर्सी सिटीच्या मराठी मंडळांतील कार्यकर्त्यांनी गणेशोत्सवात रक्तदानाच्या टेबलाशेजारी या अर्जाची माहिती देणारे एक टेबल मांडावे, अशी आमची त्यांना विनंती आहे. एखाद्या ज्येष्ठ सनदी लेखापालाला तिथे दोन तास बसवले तर कराचे प्रश्नही तिथल्या तिथे सुटतील.